सही न येणाऱ्यांची वंशावळ



वंशावळ हा शब्द कानावर आला की आपल्याला राजेरजवाडे आठवतात. सरदारांची घराणी आठवतात. सनदा, बखरी, कैफियती आठवतात. ज्याच्याकडे गढी होती, त्याच्याकडे वंशावळही होती. पण त्या गढीच्या पायथ्याची जमीन ज्यांनी कसली, त्यांचं काय? आजे-पणजे त्यांनाही होतेच. मग त्यांची नावं कुठं गेली? शोधू म्हटलं तर ती सापडतात का? आणि सापडली, तर त्यातून आपल्या हाती काय लागतं?

आज मी तुम्हाला अशाच एका शेतकरी घराण्याची हकीकत सांगणार आहे. घराणं आपल्याकडचं नाही, इंग्लंडमधलं आहे. पूर्वेकडच्या लिंकनशायर परगण्यातलं. मेंढ्या पाळायच्या, लोकर विकायची, धान्य पिकवायचं, रविवारी चर्चमध्ये जायचं आणि शेवटी त्याच चर्चच्या आवारात मातीआड व्हायचं, अशी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लिहिण्यावाचण्याशी संबंध नाही. या घराण्याचं आडनाव मात्र तुमच्या ओळखीचं आहे. ते आहे न्यूटन.

सर आयझॅक न्यूटन आपल्याला शाळेपासून माहीत आहे. झाड, सफरचंद आणि गुरुत्वाकर्षण. पण आज आपण त्याच्याकडून पुढं जायचं नाही, मागं जायचं आहे. त्याचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण? हा प्रश्न नुसता आपल्यालाच पडलेला नाही. खुद्द न्यूटनलाही तो पडला होता, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी कागद-लेखणी घेऊन तो स्वतःची वंशावळ मांडायला बसला होता. ते पुढं येईलच.

आधी आडनावाचं बघू. न्यूटन म्हणजे 'नवं गाव'. आपल्याकडं जसे नवगावकर, तसे तिकडं न्यूटन. आता नवं गाव काय एकच असतं? इंग्लंडात न्यूटन नावाची गावं ठिकठिकाणी आहेत. त्यामुळं आडनाव एक म्हणून रक्त एक, असं मुळीच नाही. वंशावळ शोधणाऱ्यानं पहिला धडा शिकायचा तो हा. आडनाव वाट दाखवतं, पुरावा देत नाही. पुरावा कागदात शोधावा लागतो.

मग शेतकऱ्याचे कागद कुठले? गरिबाचं नाव कागदावर येतं ते साधारण तीन कारणांनी. एक, सरकारला कर हवा असतो. दोन, माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो. तीन, मेल्यावर मागं काहीतरी उरतं आणि ते वाटायचं असतं. इंग्लंडमध्ये या तिन्ही गोष्टींच्या नोंदी शेकडो वर्षं होत आल्या आणि नशिबानं त्यातल्या पुष्कळ टिकल्या.

आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५२४ साली, मोठी करआकारणी झाली. गावोगावच्या करदात्यांच्या याद्या झाल्या. ग्रँथम या बाजारगावापासून काही मैलांवर वेस्टबी नावाचं खेडं आहे. तिथल्या यादीत वीसेक नावं आहेत आणि त्यांत एक नाव आहे सायमन न्यूटन. त्यानं भरलेला कर किती, तर चार पेन्स. चार पेन्स हा सर्वांत कमी दर. याहून कमी ज्याची ऐपत, त्याचं नाव यादीत येतच नव्हतं. म्हणजे हा सायमन गावातल्या करदात्यांच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. इतिहासात पहिल्यांदा दिसणारा हा न्यूटन आपल्याला दिसतो तो या चार पेन्सांमुळं. तो काय बोलायचा, कसा दिसायचा, त्याची बायको कोण होती, काहीही कळत नाही. चार पेन्स तेवढे कळतात.

वीस वर्षांनी, १५४४ साली, पुन्हा कर बसला. या वेळी वेस्टबीतल्या फक्त चौघांची नावं यादीत आहेत. सायमन आता नाही. पण चौघांपैकी दोघं न्यूटन आहेत आणि दोघांचंही नाव जॉन. थोरला जॉन बहुधा सायमनचा मुलगा आणि धाकटा जॉन त्याचा नातू. हा 'बहुधा' महत्त्वाचा आहे. वंशावळीच्या तक्त्यात दोन नावं एका रेघेनं जोडणं सोपं असतं. पण कागद जिथं स्पष्ट बोलत नाही तिथं रेघ तुटक ओढायची, हा या शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. १५३८ साली थॉमस क्रॉमवेल या राजाच्या मंत्र्यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, एक वही ठेवायची. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्र्यानं दर आठवड्याला त्या वहीत करायची. वही कुलूपबंद पेटीत ठेवायची. लोक घाबरले. त्यांना वाटलं, नावं लिहून घेतायत म्हणजे नवा कर येणार. सरकार नाव विचारायला आलं की गरिबाच्या पोटात गोळा येतो. तो तिकडंही आला, इकडंही येतो. पण पुढच्या साडेचारशे वर्षांत इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला आपले पूर्वज सापडले ते मुख्यतः या वह्यांमधून.

आता जॉन न्यूटनकडं परत येऊ. आपल्या मृत्युपत्रात, १५६२ साली, धाकटा जॉन स्वतःला 'हजबंडमन' म्हणवतो. हजबंडमन म्हणजे साधा कुणबी. त्याचा मुलगा, त्याचंही नाव जॉनच, एकवीस वर्षांनी वारला तेव्हा तो 'योमन' म्हणून नोंदला गेला. योमन म्हणजे स्वतःची जमीनजुमला असलेला, गावात मान असलेला शेतकरी. आपल्याकडच्या जुन्या भाषेत सांगायचं तर उपऱ्याचा मिरासदार व्हावा, तसलं काहीसं. एक शब्द बदलला. पण त्या शब्दासाठी तीन पिढ्या राबल्या होत्या.

हे कशामुळं झालं? लोकरीमुळं. लिंकनशायरची ती जमीन मेंढ्यांना मानवणारी. धान्य आणि लोकर यांचे भाव चढत होते आणि ज्याच्याजवळ थोडी तरी जमीन होती तो हळूहळू वर येत होता. सोळाव्या शतकात इंग्लंडमधला हा मधला शेतकरी वर चढला आणि न्यूटन त्याच लाटेवर होते.

जॉननं आणखी एक काम केलं. त्यानं आपल्या मुलांची सोय लावून दिली. रिचर्ड नावाच्या मुलासाठी त्यानं १५६१ साली जवळच्या वूल्सथॉर्प या वाडीत शंभर एकरांहून अधिक जमीन घेतली. 'थॉर्प' या शब्दाचा अर्थच वाडी, वस्ती असा आहे. कोल्स्टरवर्थ हे गाव आणि वूल्सथॉर्प ही त्याची वाडी. रिचर्डचा मुलगा रॉबर्ट. त्यानं १६२३ साली वूल्सथॉर्पचं मॅनर विकत घेतलं. मॅनर म्हणजे नुसतं घर नव्हे. घराबरोबर वतनासारखे काही हक्क येत. गावकीचे छोटे तंटे चालवायचे, मेंढरं दुसऱ्याच्या शेतात शिरली तर दंड करायचा, असले अधिकार. चार पेन्स भरणाऱ्या सायमनचं घराणं शंभर वर्षांत या पायरीला आलं. तरीही माणसं शेतकरीच. मॅनरचं हे घर आजही उभं आहे. करड्या चुनखडीच्या दगडाचं, दुमजली, पण वाडा म्हणावा असं नाही.

या रॉबर्टचा मुलगा आयझॅक. हा आपल्या शास्त्रज्ञाचा बाप. जन्म २१ सप्टेंबर १६०६. बापानं डिसेंबर १६३९ मध्ये सगळी मालमत्ता याच्या आणि याच्या वाग्दत्त वधूच्या नावे करून दिली. वधूचं नाव हॅना आयस्कॉ. तिचं माहेर सासरहून वरचढ. तिच्या माहेरी शिक्षण होतं. भाऊ विल्यम केंब्रिजला शिकलेला आणि जवळच्या गावी पाद्री. न्यूटनांकडं पैसा आला होता, आयस्कॉंकडं अक्षर होतं.

रॉबर्ट १६४१ साली वारला. लग्न एप्रिल १६४२ मध्ये झालं. त्याच ऑगस्टमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. आणि ऑक्टोबर १६४२ च्या पहिल्या आठवड्यात नवरा मेला. लग्नाला सहा महिने झाले होते. हॅनाच्या पोटात मूल होतं.

श्रोतेहो, शेतकऱ्याची सर्वांत तपशीलवार कहाणी आपल्याला कधी वाचायला मिळते, तर तो मेल्यावर. त्या काळी इंग्लंडात कोणी मेलं की शेजारपाजारचे चार लोक घरी यायचे आणि खोल्याखोल्यांतून फिरून सगळ्या चीजवस्तूंची यादी करायचे. पंचनामाच म्हणा ना. गादी, पातेली, नांगर, कोठारातलं धान्य, गोठ्यातली जनावरं, प्रत्येकाची किंमत. आयझॅक न्यूटनच्या बापाची अशी यादी उपलब्ध आहे. तीत २३४ मेंढ्या आहेत, ४६ गुरं आहेत. सगळं मिळून किंमत ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मानानं हा चांगलाच सुखवस्तू. पण या २३४ मेंढ्यांच्या मालकाला स्वतःच्या नावाची सही करता येत नव्हती.

मी कवी माणूस. माझा सगळा व्यवहार अक्षरांचा. त्यामुळं असेल, या माहितीपाशी मी पुष्कळ वेळ थांबतो. आयुष्यभर गणित आणि शब्द लिहिणाऱ्या माणसाच्या मागं किती निःशब्द पिढ्या उभ्या असतात! त्यांच्या हातांना लेखणी माहीत नव्हती, पण मेंढी कधी विकायची, जमीन कधी घ्यायची, मुलाची सोय कुठं लावायची, हे त्यांना माहीत होतं. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मूल जन्मलं ते २५ डिसेंबर १६४२ रोजी, नाताळच्या पहाटे. दिवस भरायच्या आधीच. पुढं न्यूटननं स्वतः सांगितलेली आठवण अशी की तो एवढासा होता की एका मोठ्या मापट्यात मावला असता. शेजारच्या गावाहून औषध आणायला दोन बायकांना पाठवलं, तर त्या वाटेत बसून राहिल्या. परत जाईपर्यंत पोर काही राहत नाही, घाई कशाला, असं त्यांना वाटलं. त्या पोरानं पुढं चौऱ्याऐंशी वर्षं काढली.

कोल्स्टरवर्थच्या चर्चच्या वहीत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. आयझॅक आणि हॅना न्यूटन यांचा मुलगा आयझॅक, तारीख १ जानेवारी. आता इथं एक गंमत आहे आणि ज्यांना तिकडचे जुने कागद वाचायचे असतील त्यांनी ती ध्यानात ठेवावी. त्या काळी इंग्लंडात नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे डिसेंबर १६४२ नंतर येणारा जानेवारीही १६४२ चाच. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला वाटेल, डिसेंबरात जन्मलेल्याचा बाप्तिस्मा त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे जन्माआधी जवळजवळ वर्षभर झाला! शिवाय युरोपातल्या बऱ्याच देशांच्या मानानं इंग्लंडचं पंचांग तेव्हा दहा दिवस मागं होतं. आजच्या हिशेबानं न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. पुढं १७५२ साली इंग्लंडनं पंचांग सुधारलं, तेव्हा सप्टेंबरमधले अकरा दिवस एकदम गाळले. २ तारखेच्या दुसऱ्या दिवशी १४ तारीख! पूर्वजांपर्यंत जायचं तर नुसती नावं वाचून भागत नाही, त्यांचा काळ मोजायचीही त्यांची रीत शिकावी लागते.

नावांचंही तसंच. जॉनचा मुलगा जॉन, त्याचा मुलगा जॉन. आयझॅकचा मुलगा आयझॅक. कोणता जॉन कोणाचा, हे बापाच्या नावाशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक पाटील' असं लिहिलेलं असतं. 'वलद' असंही असतं. हे 'बिन' आणि 'वलद' मूळ अरबी. माझ्या घरात ते शब्द आमचे म्हणून वावरले. पण दप्तरात पाहिलं तर गावच्या मराठा पाटलापासून बलुतेदारापर्यंत सगळ्यांच्या नावामागं तेच लागलेले. माणूस कुणाचा, एवढं नीट कळावं म्हणून सगळ्यांनी तो शब्द आपला केला होता. आपण मूळचे कुठले, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. त्या वेळी मला हे कागद आठवतात.

असो. न्यूटनकडं वळू. मूल तीन वर्षांचं असताना, १६४६ च्या जानेवारीत, हॅनानं दुसरं लग्न केलं. नवरा दीड मैलावरच्या नॉर्थ विदम गावचा पाद्री, बार्नबस स्मिथ. त्याचं वय त्रेसष्ट. हॅनानं मुलाच्या नावे जमीन लावून घेतली, त्याचं घर दुरुस्त करून घेतलं, पण मुलाला मात्र बरोबर नेलं नाही. तो वूल्सथॉर्पला आजीपाशी राहिला. ही आजी आईची आई. आठ वर्षं, दीड मैलावर आई आणि मध्ये चर्चचा कळस. न्यूटननं एकोणिसाव्या वर्षी आपल्या पापांची एक यादी लिहून ठेवली आहे. आई आणि सावत्र बाप यांना घरासकट जाळून टाकायची धमकी दिल्याचं पाप तीत त्यानं नोंदलंय. कुठल्याही वंशवेलीच्या तक्त्यात या रागाला जागा नसते. तिथं नुसतं लिहिलेलं असतं, हॅना, दुसरा विवाह १६४६.

स्मिथ १६५३ साली वारला आणि हॅना तीन लहान मुलं घेऊन परत आली. बरोबर नवऱ्याची पुस्तकंही आली आणि एक जाडजूड, बहुतेक कोरी वही आली. त्या वहीत पुढं न्यूटननं आपली गणितं मांडली. सावत्र बापाकडून आलेला वारसा म्हणायचा तर हा.

हॅनाला मुलाला शेतकरीच करायचं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. सव्वाशे वर्षांची शेती होती, सांभाळायला कुणीतरी हवं होतं. सतराव्या वर्षी त्याला ग्रँथमच्या शाळेतून काढून घरी आणलं. पण पोरगं मेंढ्यांकडं बघेना. हे मी आख्यायिका म्हणून सांगत नाही, त्याचा सरकारी पुरावा आहे. २८ ऑक्टोबर १६५९ रोजी कोल्स्टरवर्थच्या मॅनर कोर्टात आयझॅक न्यूटनला दंड झाला. मेंढ्या दुसऱ्याच्या रानात सोडल्याबद्दल ३ शिलिंग ४ पेन्स. डुकरं लोकांच्या पिकात शिरल्याबद्दल १ शिलिंग. आणि कुंपण मोडकं ठेवल्याबद्दल आणखी १ शिलिंग. ज्याच्या आजानं मॅनर विकत घेऊन दंड करायचा हक्क मिळवला, त्याचा नातू गावच्या कोर्टात दंड भरतो आहे! जगाचं भाग्य की त्याला कुंपण नीट घालता आलं नाही.

शेवटी पाद्री मामा आणि ग्रँथमचे हेडमास्तर हेन्री स्टोक्स यांनी हॅनाची समजूत घातली. १६६१ साली न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. त्याच्या बापाच्या घराण्यातून आणि त्याच्या आईच्या घराण्यातून आलेले दोन प्रवाह इथं वेगळे दिसतात. जमीन बापाकडून आली. अक्षर आईकडून आलं. वंशावळ मात्र बापाच्या नावानं चालते आणि आई तिच्यात कंसात येते.

हॅनाचं मुलाला लिहिलेलं एक पत्र शिल्लक आहे. मे १६६५ मधलं. कागद कडेला खराब झालाय, काही शब्द गेलेत, स्पेलिंगचा तर पत्ताच नाही. पण त्या चार ओळींत आईची माया आणि प्रार्थना आहे. लेखणी धरायची सवय नसलेल्या बाईनं लिहिलेला तो कागद मुलानं जपला. १६७९ साली ती तापानं आजारी पडली, तेव्हा जगप्रसिद्धीच्या उंबरठ्यावरचा हा प्राध्यापक घरी आला, रात्ररात्र तिच्या उशाशी बसला आणि स्वतःच्या हातानं तिचं औषधपाणी केलं. कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये तिचं दफन झालं.

आता येतं १७०५ साल. अ‍ॅन राणीनं न्यूटनला 'सर' केलं. सर झालं की घराण्याचं चिन्ह हवं, आणि चिन्हासाठी वंशावळ हवी. लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था आहे. घराण्यांच्या निशाण्या आणि वंशवेली तपासणं, नोंदणं हे तिचं काम. तिच्यासाठी न्यूटन आपली वंशावळ जुळवायला बसला. एक नाही, अनेक कच्चे खर्डे त्यानं केले. विश्वाचे नियम शोधणारा हा माणूस पणजोबांच्या नावांची जुळवाजुळव करतोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काय ऐकलं, ते त्यानं प्रतिज्ञेवर सांगितलं. वेस्टबीच्या जॉन न्यूटनपर्यंत तो मागं पोचला. याच वेस्टबीच्या न्यूटनांची एक शाखा वर चढत चढत बॅरोनेट झाली होती. सर जॉन न्यूटन हे त्या शाखेचे तेव्हाचे प्रमुख. त्यांच्याशी नातं दाखवणं हा या खटाटोपाचा एक भाग होता. चिन्ह मिळालं: काळ्या ढालीवर फुलीसारखी आडवी ठेवलेली पांढरी दोन हाडं.

या वंशावळीत एक गोष्ट मात्र चुकीची आहे. आईवडिलांच्या लग्नाचं साल न्यूटननं १६३९ असं दिलंय. खरं साल १६४२. मालमत्ता नावे झाली ते वर्ष त्याच्या डोक्यात बसलं असेल, असं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर असं सांगतात की एप्रिलमधलं लग्न आणि डिसेंबरमधला जन्म हा हिशेब लोकांनी बोटांवर मोजू नये, असं त्याला वाटलं असेल. कारण काही असो. ज्यानं बाप कधी पाहिला नाही, त्या मुलानं बासष्टाव्या वर्षी आईबापांना कागदावर तीन वर्षांचा जादा संसार दिला. मला त्यात लबाडी दिसत नाही. पोरकेपण दिसतं.

न्यूटन १७२७ च्या मार्चमध्ये वारला. लग्न केलं नव्हतं, मृत्युपत्रही केलं नव्हतं. साठलेला पैसा सावत्र भावंडांच्या आठ मुलांत वाटला गेला. जमीन मात्र कायद्यानं बापाच्या वंशाकडं जायची. म्हणून चुलत्याच्या वंशातला एक जॉन न्यूटन शोधून काढला गेला. पुन्हा जॉनच! हा जॉन दारू आणि कोंबड्यांच्या झुंजी यांत रमणारा. पाचसात वर्षांत त्यानं वूल्सथॉर्प विकलं. १५६१ साली एका बापानं मुलासाठी घेतलेली जमीन पावणेदोनशे वर्षांनी घराण्याच्या हातून गेली. टर्नर नावाच्या जमीनदारांनी ती घेतली आणि वूलर्टन नावाचं एक कुटुंब तिथं कुळ म्हणून राहिलं, तब्बल दोनशे वर्षं. या वूलर्टनांनी न्यूटनांपेक्षाही जास्त काळ ती जमीन कसली. त्यांच्याही जन्ममृत्यूच्या नोंदी त्याच चर्चच्या वह्यांत असणार. त्यांच्यात कुणी न्यूटन निपजला नाही, म्हणून त्यांची वंशावळ कुणी रेडिओवरून सांगत नाही, एवढंच. पुढं १९४० च्या दशकात ते घर नॅशनल ट्रस्टकडं आलं आणि आता ते जपलं जातं.

त्या घरापुढं सफरचंदाचं झाड आहे. १८२० साली ते वादळात पडलं, पण त्याच्या मुळ्या जमिनीत राहिल्या आणि ते पुन्हा फुटलं. त्याची कलमं जगभर गेली. पुण्याला जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका संस्थेच्या आवारातही या झाडाच्या वंशातली रोपं आणून लावली गेली होती. झाडाची वंशावळ सोपी असते. कलम केलं की तेच झाड पुढं चालतं, जसंच्या तसं. माणसाचं तसं नाही. दर पिढीत बाहेरून एक बाई येते आणि सोबत काहीतरी घेऊन येते. कधी जमिनीचा तुकडा, कधी भाषा, कधी अक्षर. म्हणून 'शुद्ध घराणं' हा शब्द झाडाच्या कलमाला शोभतो, माणसाला शोभत नाही. न्यूटनांच्या मेंढवाड्यात हॅना अक्षर घेऊन आली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

सायमनपासून सर आयझॅकपर्यंत मोजलं तर सात पिढ्या होतात. सायमन, जॉन, पुन्हा जॉन, रिचर्ड, रॉबर्ट, आयझॅक आणि आयझॅक. या सातांपैकी सहा जणांना कुणी थोर म्हणणार नाही. त्यांनी केलं ते एवढंच की मुलाच्या हाती आपल्यापेक्षा थोडं अधिक ठेवून गेले. आणि या सात बाप्यांच्या बायकांपैकी आपण आज फक्त एकीचं, हॅनाचं नाव घेऊ शकलो. वंशावळीत अर्धी माणसं कोरीच राहतात.

श्रोतेहो, आपल्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत जुना सातबारा असेल, खरेदीखत असेल, शाळा सोडल्याचा दाखला असेल, कुठं अंगठ्याचा निळा ठसा असेल. तो राजाच्या सनदेइतकाच मोलाचा आहे. घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा आणि आजीचं, पणजीचं माहेरचं नाव आधी विचारा. आजोबांचं नाव कागदावर सापडेल. पणजीचं सापडणार नाही. ते आज कुणाच्या तरी ओठांवर आहे, उद्या नसेल.